घळीतून उतरवलेलं मूळ

युआन्झीचं मूळ उपटून आणलं की ते लगेच उन्हात टाकायचं नसतं. दोन-तीन दिवस सावलीत पसरून ठेवायचं. ओल्या वादीसारखं लवचीक झालं की पाटावर घेऊन तळहाताखाली लाटायचं, आणि आतली काडी सुटल्याचं बोटाला कळलं की एका झटक्यात ओढून काढायची. मागं उरते ती सालीची पोकळ नळी. औषध ते. काडी फेकायची. त्या काडीला ल्यूज्वांग गावात काळीज म्हणतात. काळीज आत राहिलं तर औषध घेणारा निवायचा सोडून आणखीच तळमळतो, असं वैद्य सांगतात. एक दिवस आधी लाटलं तर साल फाटते. एक दिवस उशीर झाला तर काळीज सालीला असं धरून बसतं की मग कुणाच्या बापाला निघत नाही.

फान ह्वाइयूनं हे काम आजवर पंचावन्न हंगाम केलं. अंगठे चमच्यासारखे चपटे झालेत, नखं पिवळी पडलीत ती कायमचीच. बाई बेताच्या उंचीची, पण आवाज असा की डोंगरउतारावरच्या शेतांच्या वरच्या टप्प्यावरून हाक मारली तर खालच्या टप्प्यातलं मेंढरू माघारी वळावं. गव्हाचा उकडलेला मो, म्हणजे जाड पाव, मधोमध फोडून त्यात लाल तिखट दाबायचं, वर शिरका शिंपडायचा आणि उभ्यानं खायचं, ही तिची न्याहारी. परवा शहरातला एक व्यापारी काळीज काढायचं यंत्र दाखवायला आला होता. तिनं त्याला पाटासमोर बसवलं, चार मुळं लाटायला लावली, चारही फाटल्यावर विचारलं की बाबा, यंत्रालाही तूच शिकवलंस का. व्यापारी हसला आणि चहा पिऊन गेला.

आता ल्यूज्वांगात युआन्झी शेतात होते. उन्हाळ्याच्या तोंडाला सगळे टप्पे निळ्या-जांभळ्या बारीक फुलांनी भरतात आणि शरदात टेम्पो बांधावर येऊन उभे राहतात. ह्वाइयू लग्न होऊन आली तेव्हा यातलं काही नव्हतं. तेव्हा युआन्झी म्हणजे घळीतली वस्तू. पिवळ्या मातीचे ते कडे, मध्ये पावसानं चिरत नेलेल्या घळी, आणि त्या घळींच्या काठाला, कपारीला, जिथं बकरीसुद्धा दोनदा विचार करते तिथं हे रोप. गावची माणसं सामुदायिक शेतातलं काम उरकलं की टिकाव आणि दोर घेऊन घळीत उतरायची.

त्यातला पहिल्या नंबरचा गडी म्हणजे तिचा सासरा, छांग देमाओ. त्याचा आजा आणि बाप दोघंही घळीच्या मातीखालीच गेलेले. घळीच्या या काठावर उभा राहून पलीकडच्या काठावरची वाळकी काडी बघायचा आणि सांगायचा, मूळ करंगळीएवढं आहे, जाण्यात अर्थ नाही. किंवा म्हणायचा, अंगठ्याएवढं आहे, दोर आणा. कधी चुकला नाही. मूळ तुटू द्यायचा नाही. तुटकं मूळ आणणाऱ्या गड्याकडं तो असा बघायचा की गडी मूळ पाठीमागं लपवायचा.

या देमाओचा एकुलता मुलगा दाओशंग, ह्वाइयूचा नवरा, शरदातल्या एका सकाळी काळ्या घळीत उतरला आणि वरचा कडा खाली आला. पिवळी माती आवाज न करता येते. गावानं दीड दिवस उकरलं. देमाओनं टिकाव बाजूला टाकून हातानं उकरलं. दाओशंग निघाला तेव्हा बसलेल्या माणसासारखा होता, आणि त्याच्या नाकातोंडातली, कानातली माती ह्वाइयूनं ओल्या फडक्यानं काढली. मुलगी मिएन तेव्हा सात वर्षांची होती. सासू आधीच गेली होती.

मेलेल्याच्या नावानं पस्तीस दिवसांचं कागद जाळणं झालं, आणि छत्तिसाव्या दिवशी देमाओ दोर खांद्यावर टाकून पुन्हा घळीत गेला.

गाव म्हणालं, म्हाताऱ्याचं काळीज दगडाचं आहे. ह्वाइयूला तसं वाटलं नाही. तिनं बघितलं होतं की म्हातारा आता सोप्या जागी जात नाही. जिथं कडा लोंबकळतोय, जिथं माती फुगलीय, नेमकं तिथं जातो. मूळ आणतो, पण मुळासाठी जात नाही. हे ती कुणाला बोलली नाही. पण मनाशी एक गोष्ट तिनं पक्की केली की या घरातला आणखी एक माणूस मी उकरून काढणार नाही.

म्हाताऱ्याला अडवायचं तर बोलायला हवं, आणि तिथंच अडचण होती. विधवा सून आणि रंडका सासरा एका अंगणात राहायची, तर तोंडाला तोंड देऊन बोलायची रीत नव्हती. दोघांच्या मध्ये मिएन होती. सगळा व्यवहार मिएनच्या तोंडून.

"मिएन, आज्याला म्हणावं, आज घळीकडं नको. पाऊस झालाय, माती फुगलीय."

म्हातारा पायतणाची दोरी आवळत म्हणायचा, "मिएन, आईला म्हणावं, माती मला शिकवू नगं."

दोघं चार हातांवर उभी असायची. पोरगी मान इकडं तिकडं वळवून निरोप पोचवायची आणि कंटाळली की म्हणायची, ऐकलंत ना तुम्ही.

म्हाताऱ्याची झोपही गेली होती. त्याच्या कोठीतून चिलीम ओट्यावर आपटल्याचा आवाज कुठल्याही प्रहरी यायचा. ज्या मुळावर हे घर जगत होतं ते झोपेचंच औषध. पण घळीत खोदणारा स्वतः खोदलेलं मूळ खात नाही, ही तिथली जुनी रीत. एकदा खाल्लं की घळ त्या माणसाला ओळखते आणि मग सोडत नाही म्हणतात. ह्वाइयूनं रीत गुंडाळून ठेवली. तिनं चांगल्या नळ्या निवडल्या. कच्चं मूळ घशाला धरतं, म्हणून ज्येष्ठमधाच्या पाण्यात पाणी आटेपर्यंत शिजवल्या, काढा केला आणि वाटी मिएनच्या हाती पाठवली. वाटी भरलेली तशीच परत आली.

"आज्या म्हंत्यात, ह्यानं झोप लागती त्ये खरं हाय," मिएन म्हणाली. "पर ह्यानंच आठवण बी पक्की हुती. त्यास्नी नगं."

ह्वाइयूनं वाटी अंगणात ओतली. दुसऱ्यांदा काढा केला नाही.

दाओशंग गेल्याचं दुसरं वर्ष चालू असताना जमिनी घरोघर वाटल्या गेल्या. छांगांच्या वाट्याला टप्प्याची चार तुकड्यांची जमीन आली. त्याच उन्हाळ्यात, गव्हाची मळणी आटोपल्यावर, ह्वाइयू घळीच्या वरच्या सपाटीला बकरीसाठी पाला काढायला गेली होती. तिथं युआन्झीची पाच-सहा रोपं होती. बोंडं पिकत आली होती. तिच्या मनात बरेच दिवस एक प्रश्न होता. या रोपाला बी धरतं, पण बी कुणी कधी बघितलेलं नाही. बोंड पिकलं की फुटतं, बी खाली पडतं आणि सकाळी बघावं तर जमीन साफ. पाखरं खातात, असं गाव धरून चालायचं.

त्या दिवशी तिला एक मुंगी दिसली. तोंडात काळं बी, बियाच्या टोकाला पांढरा कण. ह्वाइयू पाल्याचं ओझं टाकून तिच्या मागं मागं गेली, गुडघ्यावर, तासभर. मुंगी वारुळात शिरली. आणि वारुळाच्या तोंडाशी, एका अंगाला, मुंग्यांनी बाहेर टाकलेल्या कचऱ्याचा ढीग होता. तो सगळा काळ्या बियांचा. पांढरा कण खाल्लेला, बी जसंच्या तसं. तिनं डोक्याचं फडकं सोडून त्यात मूठभर बी बांधलं.

मग तिनं वीस दिवस दुसरं काही केलं नाही. बारकी केरसुणी, चाळण आणि फडकं. सपाटीवरचं एकेक वारूळ हुडकायचं, तोंडाशी झाडायचं, चाळायचं. घळीत पाय ठेवायचा नाही, वरच्या वरच. शेजारच्या घरची खाईनी नात्यानं तिची जाऊ लागायची. तिला हे दिसलं आणि तिनं ते विहिरीवर नेलं. वरून तोंडावर विचारलं:

"बया, आता मुंग्यांच्या घरची बी झाडलोट धरलीस व्हय? जेवायला घालत्यात का न्हाई?"

"तुज्यापरीस बऱ्या हायत," ह्वाइयू म्हणाली. "खाऊन उरलं त्ये निदान दारात तरी ठेवत्यात."

दोन मापं बी जमलं. तिनं घराजवळच्या टप्प्याची माती हातानं चाळावी तशी भुसभुशीत केली, बी वाळूत कालवून फेकलं, वर चिमटीचिमटीनं माती भुरभुरली, नव्या गव्हाचं काड पसरलं आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायला सुरुवात केली. देमाओ बांधावर उभा राहून बघत होता. मिएनला बोलावून त्यानं निरोप दिला की डोंगरातली वस्तू शेतात आणून लावायची म्हणजे लांडगा खुंट्याला बांधायचा. जगला तरी लांडगा राहत नाही.

ह्वाइयू पाणी शिंपडत राहिली. मग म्हणाली, "मिएन, आज्याला इचार, उगवलं तर घळ सोडशीला का?"

म्हाताऱ्यानं चिलीम भरली, पेटवली, अर्धी ओढली.

"उगवू दे मंग," तो म्हणाला.

त्यानं हो म्हटलं नव्हतं. तिनं ते हो धरलं.

तेविसाव्या दिवशी उगवलं. काड उचलून, गाल जमिनीला लावून बघितलं तेव्हा दिसलं. केसासारखी काडी, तिला सुईच्या टोकाएवढी दोन पानं. दुसऱ्या दिवशी आणखी, तिसऱ्या दिवशी चहूकडं. ह्वाइयू त्या दिवशी शेतात बसून मोठ्यानं रडली आणि तोंड धुऊन घरी गेली. पण तिनं म्हाताऱ्याला सांगितलं नाही. तिला वाटलं, आत्ता सांगितलं तर हसेल. बोटभर होऊ दे, ओळखू येऊ दे, मग हाताला धरून नेते. ही तिची चूक. पुढं आयुष्यभर ती चूक तिनं स्वतःच्याच नावावर ठेवली, दुसऱ्या कुणाला त्यात वाटेकरी करून घेतलं नाही.

आठव्या चांद्रमहिन्यात पावसाची झड लागली. रोपं बोटभर झाली, पण तण गुडघाभर झालं. ह्वाइयू रोज थोडं थोडं चिमटीनं काढत होती. तेवढ्यात फन नदीच्या पलीकडून भावाचा निरोप आला की आईचं काही खरं नाही. ती मिएनला घेऊन माहेरी गेली. सहा दिवस राहिली.

घरी म्हातारा एकटा. विहिरीवर खाईनी भेटली. खाईनीच्या मनात वाईट नव्हतं, तिची जीभच तशी.

"माओकाका, सुनंचं श्यात हाय का रानडुकराचं हातरूण?"

देमाओ घागर भरून निघाला. घरी येऊन त्यानं कोनाड्यातलं खुरपं काढलं, दगडावर परजलं. दाओशंग गेल्यापासून त्यानं शेतातल्या कुठल्याही कामाला हात लावला नव्हता. आता सुनेसाठी लावला. तीन दिवस तो उकिडवा बसून सरकत होता. आणि हा माणूस जे करायचा ते अर्धवट करत नसे.

ह्वाइयू सातव्या दिवशी परतली. आई बचावली होती. मिएनला मामाकडंच ठेवलं होतं, चार दिवस खेळू दे म्हणून. पायवाटेच्या वळणावरून तिला टप्पा दिसला आणि ती थांबली. मळणीचं खळं झाडावं तसं शेत साफ होतं. बांधावर देमाओ बसला होता, खुरपं मांडीवर आडवं. तो तिची वाट बघत होता. त्याचा चेहरा दोन वर्षांत पहिल्यांदा सैल झाला होता. मध्ये मिएन नव्हती, तरी तो बोलला.

"तुजं बी काय उगवलं न्हाई, मिएनच्या आई. नुस्तं केसागत गवत हुतं, खालनं पसरल्यालं. त्ये बी काढलं. एक काडी ठेवली न्हाई."

ह्वाइयू त्याच्या पुढून चालत गेली. बांधाच्या टोकाला तणाचा ढीग होता, वरून वाळलेला, आतून गरम. तिनं हात घालून चाचपलं आणि एक काडी ओढली. वर बोटभर पाला, खाली त्याहून लांब मूळ, दोऱ्यासारखं. बाहीला पुसून तिनं ते त्याच्यापुढं धरलं.

"चावा, आबा."

"काय हाय?"

"चावा."

त्यानं तोंडात टाकलं. आधी कोणत्याही गवताची लागते तशी चव. मग जिभेच्या मुळाशी बारीक बोचलं, आणि मग घशात, बाजरीचं कूस अडकावं तसं. घळीत शंका आली की गडी मूळ चावून बघतात. पन्नास वर्षं देमाओनं असंच बघितलं होतं. पलीकडच्या काठावरची वाळकी काडी ओळखणाऱ्या माणसानं युआन्झीचं पोर कधी बघितलंच नव्हतं. गावात कुणीच बघितलं नव्हतं. घळीत ते दुसऱ्या गवताखाली दडलेलं असतं, आणि पोराला खोदायला कोण जातो. डोळ्याला जे कळलं नाही ते तोंडाला कळलं. तो थुंकला नाही. चावत राहिला. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं ते मुळानं की कशानं, ते ह्वाइयूनं बघितलं नाही. ती ढिगातून जी ओलसर निघतील ती रोपं वेगळी करत बसली होती. चाळीसेक निघाली. दुसऱ्या दिवशी दोघांनी ती परत लावली. एकही जगलं नाही.

त्यानंतर निरोपही थांबले. मिएन परत आली, पण आजोबा तिच्या तोंडी काही देईना. पेजेची वाटी तो चुलीपाशी न बसता कोठीत नेऊन खायचा. घळीत जायचा, सोप्या जागचं खोदून आणायचा, मुळं अंगणात ओतायचा. ह्वाइयू ती सावलीला पसरायची, लाटायची.

दहाव्या महिन्यात एका सकाळी ती पाटाशी बसली होती. तीन दिवसांपूर्वीची मुळं अगदी वेळेवर आली होती, आज लाटली नाहीत तर उद्या गेली. हाताखालचं मूळ लाटून तिनं काळीज ओढलं, नळी टोपलीत टाकली आणि मान वर केली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की खुंटीवरचा लांब दोर नाही. लांब दोर फक्त एकाच घळीला लागायचा. दाओशंगला उकरल्या दिवसापासून तो दोर खुंटीवरून उतरला नव्हता.

आजवर कितीही पै-पाहुणा आला तरी ती लाटणं अर्धं टाकून उठली नव्हती. त्या दिवशी उठली. मुळं पाटावर तशीच.

काळ्या घळीच्या काठावर रानबोरीच्या खुंटाला दोर बांधलेला होता. खाली, कड्याच्या पोटात जिथं दाओशंग गेला, तिथंच म्हातारा टिकाव मारत होता. मागच्या पडझडीनं कडा आणखी आत गेला होता आणि वरचा भाग छपरासारखा पुढं आला होता. प्रत्येक घावाला त्यातून धूळ गळत होती. ह्वाइयूनं हाक मारली नाही. हाकेनंही माती येते. ती बकऱ्यांच्या वाटेनं बसत, घसरत खाली उतरली, कपारीत शिरली आणि म्हाताऱ्याच्या शेजारी, त्या छपराच्या खाली, पाय पोटाशी घेऊन बसली.

टिकाव थांबला.

"ऊठ," देमाओ म्हणाला. "वरची माती सुटाय लागलीया."

"ठावं हाय."

"ऊठ म्हंतो ना. पोरीला कोण हाय?"

"त्येच इचारायला आले," ह्वाइयू म्हणाली.

तो उभाच राहिला. वरून धूळ येत होती, त्याच्या पांढऱ्या केसांवर, तिच्या मांडीवर. मग तो तिच्याकडं न बघता मातीकडं बघून बोलायला लागला.

"हितं फूल म्याच बघून ठिवलं हुतं. उन्हाळ्यात. मूळ अंगठ्याएवढं असणार म्हून. त्या दिशी माजी कंबार धरली हुती. त्येला म्हनलं, तू जा."

"ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"निघताना त्येंनीच सांगितलं. आबांनी जागा दावलीया म्हणाले."

म्हाताऱ्यानं टिकाव खाली टेकवला.

"दोन वर्सं तुला ठावं हाय?"

"व्हय."

"मंग बोलली का न्हाईस?"

"कुणाला बोलू? तुमी मिएनच्या तोंडानं बोलत हुता. पोरीच्या तोंडी द्यायची गोष्ट हुती व्हय ही?" तिनं मांडीवरची धूळ झटकली. "आन् श्यातात उगवल्यालं म्या तरी कुटं सांगितलं तुमास्नी. गावभर बोंबलत फिरले आसते तर तुमी खुरपं लावलं आसतं का? म्या बी पोटातच ठेवलं."

खाली घळीत वारा फिरत होता, त्याचा तेवढा आवाज. देमाओनं एकदा वर बघितलं, छपराकडं, बैल पारखावा तसं निरखून.

"चल," तो म्हणाला. "ही लई येळ थांबायची न्हाई."

तिला पुढं घालून तो वर आला. खुंटाचा दोर सोडला, नीट गुंडाळून खांद्यावर टाकला. टिकावही आणला. लोखंड कुणी टाकून देतं होय. ती माती त्या दिवशी पडली नाही. पुढच्या वसंतात बर्फ वितळताना पडली, खाली कुणी नसताना.

घरी पाटावरची मुळं कडक झाली होती. ह्वाइयूनं दोन-चार लाटून बघितली आणि सोडून दिली. न लाटलेली ती सगळी मुळं काळजासकट गेली.

देमाओ त्यानंतर घळीत उतरला नाही. कुणी विचारलं तर कंबर सांगायचा. पुढच्या उन्हाळ्यात मळणी झाल्यावर त्यानं स्वतःसाठी एक केरसुणी बांधली आणि सुनेच्या पुढं सपाटीवर जाऊन बसला. जुनी वारुळं कुठं कुठं आहेत ते त्याला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. दोन मापांचं अर्धं पोतं झालं. खाईनी म्हणाली, आता मुंग्यांनी जावं कुठं, सासरा-सून दोघं मिळून त्यांचं घर लुटताहेत. म्हातारा म्हणाला, तुझ्या घरात काय ठेवलंय, नाहीतर तिथं आलो असतो.

बी पेरलं त्या टप्प्याभोवती त्यानं दोरी बांधली आणि खुरपं घेतलेल्या माणसाला आत सोडेना, ह्वाइयूलासुद्धा. तण तो स्वतः काढायचा, कुशीवर आडवा पडून, दोन बोटांनी. बोलणं मात्र एकदम सुटलं नाही. मिएनच्या तोंडचे निरोप परत सुरू झाले ते आणखी वर्षभर चालले, सवयीनं. पण आता मध्येच एखादं वाक्य पोरीला वगळून सरळ जायचं आणि मिएन म्हणायची, मग मला कशाला उभं केलंय.

तिसऱ्या शरदात मुळं निघाली. सरळ, नितळ, सारख्या जाडीची. देमाओनं एक चावून बघितलं आणि म्हणाला, गुळमट आहे, घळीतल्यासारखं धरत नाही. तरी पुढची ओळ खोदायला बसला. पाचव्या सालापर्यंत निम्मं गाव बी मागायला आलं, आणि ह्वाइयूनं दिलं. खाईनीला सगळ्यात शेवटी दिलं. देताना एक अट घातली, की आधी महिनाभर माझ्याबरोबर बसून रोप ओळखायला शिकायचं. खाईनी बसली. आता खाईनीचं शेत तिच्यापेक्षा चांगलं येतं, हे ह्वाइयू मान्य करते, पण खाईनीच्या पुढ्यात नाही.

ह्वाइयूला दोनदा स्थळं आली. पस्तिशीतली बाई, हाताला काम. तिनं सांगितलं, एक म्हातारा सांभाळते आहे तेवढा पुरे, दुसऱ्याला म्हातारा होताना बघायला वेळ नाही. मिएन शिकून शहरात गेली, तिकडंच लग्न केलं. दर नववर्षाला येते आणि आईला चल म्हणते. आई शिरक्याची बाटली तिच्या पिशवीत कोंबते आणि टेम्पोत बसवून देते.

देमाओ चौऱ्याऐंशी वर्षं जगला. औषध त्यानं शेवटपर्यंत घेतलं नाही. झोप लागायला लागली होती का, हे ह्वाइयूनं कधी विचारलं नाही. चिलीम आपटल्याचे आवाज कमी झाले, एवढंच तिला ऐकू यायचं. थंडीतल्या एका सकाळी ती राळ्याची पेज घेऊन कोठीत गेली. म्हातारा खालून जाळ घालून तापवलेल्या झोपायच्या ओट्यावर भिंतीकडं तोंड करून, गोधडी खांद्यापर्यंत ओढून पडला होता. तिनं दोनदा हाक मारली. मग वाटी खाली ठेवली आणि त्याच्या कपाळाला हात लावला.

अंगावर शेवटचे कपडे चढवायला गावातली चार वडीलधारी आली. त्यातला एक म्हणाला की बिचारा काही बोलून गेला नाही, मुलगा नव्हता समोर, काही नाही. दुसरा म्हणाला, झोपेत गेला, आयुष्यभर झोपेचं मूळ खोदलं त्याचा गुण. ह्वाइयू कोमट पाण्यात फडकं भिजवत होती. तिनं म्हाताऱ्याचा चेहरा पुसला, नाक पुसलं, मग एकेक कान. फडकं उजेडाला धरून बघितलं.

"ह्येंचा आज्जा घळीत गेला," ती म्हणाली. "बाप घळीत गेला. ल्योक घळीत गेला. तिघांच्या बी कानातनं माती काढावी लागली. ह्येंच्या न्हाई."

तिनं फडकं परत पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि म्हाताऱ्याचे हात पुसायला घेतले.